जुन्या बागायती ट्रॅक्टरचा ब्रेक पुन्हा पुन्हा ढिला होतो: कारण कसं शोधायचं आणि सेटिंग कसं करायचं

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. ब्रेकचा रॉड आवळला की चार-आठ दिवस ट्रॅक्टर चांगला थांबतो. मग पेडल खाली खाली जायला लागतं, रस्त्यावर ब्रेक दाबला की ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, आणि ओळीच्या टोकाला एका ब्रेकवर वळायला गेलं तर चाक आवळत नाही. पुन्हा पाना लागतो, पुन्हा दोन फेरे आवळले जातात. असं करत करत एक दिवस रॉडचे आटेच संपतात आणि मग गाडी गॅरेजला जाते.

लायनर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी, झिजतो, हे खरं. पण त्याची झीज संथ असते. नीट लावलेला ब्रेक साधारण एक हंगाम तरी टिकायला हवा. तो आठवड्या-दोन आठवड्यांत ढिला होत असेल तर दोष झिजेचा नाही, दुसरीकडे आहे, आणि रॉड आवळून तो फक्त झाकला जातो. रॉडचा नट एकच काम करतो: लायनर आणि ड्रम यांच्यात वाढलेलं अंतर भरून काढतो. तेलाने माखलेला लायनर, गंजून जड झालेला शाफ्ट, ओढून लांबट झालेली भोकं यांवर त्या नटाचा काही उपाय चालत नाही.

पुढची माहिती १५ ते २५ अश्वशक्तीच्या जुन्या, अरुंद ट्रॅक्टरसाठी आहे. द्राक्ष, डाळिंब, संत्र्याच्या बागांत फिरणारे हे ट्रॅक्टर. मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी हा त्यातला सर्वांच्या ओळखीचा. यांत मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र ब्रेक, उजव्या पायाशी दोन पेडल, आणि ड्रमच्या आत लायनर बसवलेले अर्धगोल शू असतात; कॅम फिरला की ते फाकून ड्रमला टेकतात. कोरड्या डिस्कच्या ब्रेकबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर बाहेरचं पेडल आणि रॉडचं सेटिंग एवढंच घरी करावं, आतलं काम कंपनीच्या माणसाकडे द्यावं.

पाना घेण्याआधी

ट्रॅक्टर एका बाजूला ओढतोय म्हणून लगेच ब्रेकला हात लावू नका. आधी मागच्या दोन्ही टायरची हवा मोजा. एका टायरमध्ये हवा कमी असेल, एक टायर नवा आणि एक गुळगुळीत असेल, किंवा एकाच टायरमध्ये पाणी भरलेलं असेल, तर ब्रेक सारखे असूनही ट्रॅक्टर वाकडा थांबतो. दोन्ही पेडल जोडणारी लॉकपट्टीही बघा. ती झिजून सैल झाली असेल तर एक पेडल आधी आणि दुसरं मागून जातं. तसं असेल तर पट्टी बदला किंवा तिचं भोक भरून नव्याने पाडून घ्या.

मग लॉकपट्टी सोडून दोन्ही पेडल हाताने, एकेक करून दाबा. पायाने नको, हातानेच, कारण पायाला हलका विरोध कळत नाही. पेडलशेजारी पट्टी उभी धरा आणि विरोध सुरू होईपर्यंत पेडल किती खाली गेलं ते मोजा. हा झाला मोकळा खेळ. लहान ट्रॅक्टरना तो साधारण २० ते ३० मिमी ठेवतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. दोन्ही पेडलचे आकडे लिहून ठेवा. डावीकडे ४५ आणि उजवीकडे २५ अशी तफावत असेल तर दोष एका बाजूला आहे. दोन्हीकडे ५० असेल तर दोन्ही लायनर झिजलेत किंवा दोन्हीकडची जोडणी सैल आहे.

आता पेडल सोडून द्या. ते झटकन वर यायला हवं. रेंगाळत आलं, मध्येच अडकलं, तर पुढचं सेटिंग करून काही उपयोग नाही. आधी शाफ्ट मोकळा करायचा.

गंजलेला शाफ्ट: सर्वांत जास्त सापडणारं कारण

दोन्ही पेडल एकाच बाजूला असतात. त्यातलं एक आपल्या बाजूचा ब्रेक थेट ओढतं. दुसऱ्याला गिअरबॉक्सखालून आडव्या शाफ्टमार्गे पलीकडे जावं लागतं. हा आडवा शाफ्ट जमिनीजवळ असतो. चिखल, ओलं गवत आणि फवारणीचं ओघळणारं पाणी सगळं त्याच्यावरच. बोर्डो मिश्रणातला मोरचूद लोखंडाला खातो. फवारणीनंतर ट्रॅक्टर धुतला नाही तर हा शाफ्ट बुशमध्ये, म्हणजे तो ज्या छोट्या नळीत फिरतो तिच्यात, जागच्या जागी गंजतो. मग पेडल दाबताना निम्मा जोर शाफ्ट फिरवण्यातच जातो, आणि पाय काढला तरी शाफ्ट पूर्ण मागे फिरत नाही. शू ड्रमला घासत राहतो, ड्रम तापतो, लायनर चकाकतो आणि ब्रेक लागेनासा होतो. आपल्याला वाटतं ब्रेक ढिला झाला, म्हणून आवळतो. घासणं आणखी वाढतं.

तपासायला सोपं आहे. दोन्ही टोकांच्या रॉडची पिन काढा आणि शाफ्ट हाताने फिरवून बघा. तो दोन बोटांनी फिरला पाहिजे. पाना लावावा लागत असेल तर काढून साफ करायलाच हवा. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग लाकडाचा तुकडा मध्ये धरून हळू ठोका. लोखंडी हातोडा थेट शाफ्टच्या टोकावर मारला तर टोक फुगतं आणि शाफ्ट बुशमधून निघतच नाही. काढल्यावर बारीक एमरी पेपरने घासा, बुशमधली जुनी कडक ग्रीस खरवडून काढा. ग्रीसचा निपल तुंबला असेल तर नवा टाका. तो चार पैशांचा भाग आहे. बुशमध्ये शाफ्ट एक मिलिमीटरहून जास्त डगडगत असेल तर बुश बदला, नाहीतर शाफ्ट तिरका होऊन पलीकडच्या ब्रेकची ओढ खाऊन टाकतो. यापुढे दर ५० तासांनी ग्रीस द्या. फवारणीच्या हंगामात प्रत्येक धुण्यानंतर दोन-तीन पंप मारले तर आत शिरलेलं पाणी बाहेर पडतं.

भोकं आणि पिना

हा दोष दिसत नाही म्हणून मागे राहतो. पेडलपासून कॅमच्या लिव्हरपर्यंत एकेका बाजूला चार तरी पिना असतात. प्रत्येक भोक अर्ध्या मिलिमीटरने लांबट झालं तर रॉडवर २ मिमी खेळ तयार होतो. पेडलचं प्रमाण पाचास एक असेल, म्हणजे पेडल ५ मिमी दाबलं की रॉड १ मिमी सरकत असेल, तर पायाखाली तो १० मिमी होतो. म्हणजे लायनर नवे टाकले तरी मोकळ्या खेळाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग नुसत्या भोकांत जातो. आणि हा खेळ रॉड आवळून जात नाही, कारण जोर येताच पिना भोकाच्या दुसऱ्या कडेला सरकतात.

पिन काढून तिच्यावर नख फिरवा. खाच लागली तर पिन बदला. लांबट भोक वेल्डिंगने भरून मूळ मापाचं पाडता येतं, किंवा थोडं मोठं गोल भोक पाडून त्या मापाची पिन टाकता येते. स्प्लिट पिनच्या जागी तार किंवा खिळा वाकवून घालायची सवय सोडा. तार भोकात फिरते, भोक झिजवते आणि एक दिवस गळून पडते. ब्रेकची पिन उतारावर गळाली तर मागे ६०० लिटरचा फवारणीचा ब्लोअर आहे, त्याला स्वतःचा ब्रेक नाही, एवढं लक्षात ठेवा.

याच वेळी रॉड सरळ आहे का तेही बघा. बागेत खोड, तारेचा अँगल, रोटाव्हेटरने उडवलेला दगड यांनी रॉड वाकतो. वाकलेला रॉड जोर आला की थोडा सरळ होतो, जोर गेला की पुन्हा वाकतो, आणि पेडल स्पंजासारखं लागतं. तो गरम करून सरळ करण्यापेक्षा त्याच जाडीचा नवा करून घेणं बरं.

लिव्हरचा कोन

रॉड सतत आवळत राहिलं की इथे गडबड होते, आणि बऱ्याच मेकॅनिकांचंही याकडे लक्ष जात नाही. ड्रमच्या बाहेर कॅमच्या शाफ्टवर एक लिव्हर बसलेली असते, रॉड तिला ओढतो. ब्रेक सोडलेला असताना रॉड आणि लिव्हर यांतला कोन ९० अंशांहून थोडा कमी असावा, आणि पूर्ण दाबल्यावर तो ९० च्या आसपास यावा. तेव्हाच सगळी ओढ कॅम फिरवण्यात जाते.

लायनर झिजत जातो आणि आपण रॉड आखूड करत जातो, तशी लिव्हर पुढे पुढे झुकते. कोन १२० अंशांवर गेला की पायाच्या जोरातला साधारण १३ टक्के भाग वाया जातो. त्याहून वाईट गोष्ट आत घडते. कॅम इतका फिरतो की त्याची उभी बाजू शूच्या टोकांना टेकते. लायनर आणखी थोडा झिजला की कॅम पलटू शकतो. तो पलटला तर ब्रेक जाम होतो, स्प्रिंगला तो परत आणता येत नाही.

उपाय: लिव्हरचा बोल्ट सोडून ती कॅमच्या शाफ्टवरून बाहेर काढा, शाफ्टवरच्या दात्यांवर एक दाता मागे बसवा, रॉड पुन्हा लांब करा आणि सेटिंग नव्याने करा. काढण्याआधी शाफ्टच्या टोकावर आणि लिव्हरवर छिन्नीने खूण करा, म्हणजे किती सरकवली ते कळेल. पण हे लायनर शिल्लक असेल तरच. लायनर संपला असेल आणि लिव्हर दाते मागे नेत राहिलं, तर कॅम पलटण्याच्या दिशेने आपणच त्याला ढकलतो. काही ट्रॅक्टरवर कॅमच्या शाफ्टला काटा आणि ड्रमच्या मागच्या ताटावर झिजेची खूण असते. ती असेल तर पूर्ण दाबल्यावर काटा कुठे येतो ते आधी बघा.

ड्रम उघडल्यावर

दोन्ही बाजू उघडा. एकच उघडून काम भागवलं तर तुलना होत नाही, आणि ब्रेकचं सगळं काम तुलनेवर चालतं.

उघडताना एक काळजी जरूर घ्या. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवू नका, तोंडाने फुंकू नका. पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं पिशवीत बांधून टाका, नाकातोंडावर मास्क ठेवा. गॅरेजात हवा मारण्याची पद्धत सर्रास आहे. ती फुफ्फुसासाठी फार घातक आहे आणि शेजारी उभ्या पोरालाही त्याचा तेवढाच त्रास आहे.

लायनर कोरडा, सारख्या रंगाचा आणि मंद दिसावा. रिव्हेटचा असेल तर रिव्हेटच्या डोक्यावर १ मिमीहून कमी लायनर उरला की बदला. डोकं ड्रमला लागलं की ड्रमला चरा पडतात आणि मग तोही गेला. चिकटवलेला असेल तर २ मिमी ही शेवटची मर्यादा समजा.

चकाकणारा, काचेसारखा गुळगुळीत लायनर म्हणजे तापलेला लायनर. पेडलवर पाय ठेवून चालवण्याची सवय किंवा पूर्ण न सुटणारा ब्रेक, यांतलं एक कारण नक्की असतं. ८० नंबरच्या एमरी पेपरने वरचा थर काढला की तो परत काम देतो, मात्र तापण्याचं कारणही काढलं पाहिजे.

काळपट, ओलसर, तेलाचा वास येणारा लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. तेल आत मुरलेलं असतं. थंड असताना ब्रेक ठीक लागतो, तापला की तेल पृष्ठभागावर येतं आणि पुन्हा तेच. असा शू नवाच टाकायचा, आणि तेल कुठून आलं ते शोधल्याशिवाय टाकायचा नाही.

तेल आत का येतं

एक्सलचं ऑइल सील खराब झालं असं म्हणून सील बदलतात आणि दोन महिन्यांत ते पुन्हा गळतं. सील बदलण्याआधी चार गोष्टी बघा.

पहिली, ब्रीदर. गिअरबॉक्स किंवा हायड्रॉलिकच्या झाकणावर हवा बाहेर पडायला छोटी टोपी असते. ती माती आणि ग्रीसने बुजलेली असते. आतलं तेल तापलं की हवा फुगते, बाहेर जायला वाट नाही, म्हणून ती सीलच्या ओठातून तेल ढकलते. टोपी काढून डिझेलमध्ये धुवा आणि तिच्यातून फुंकर जाते का बघा. नवीन सील वारंवार गळण्याचं हे सर्वांत स्वस्तात सुटणारं कारण आहे.

दुसरी, तेलाची पातळी. हायड्रॉलिक नीट उचलत नाही म्हणून डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर तेल ओतलेलं असतं. जास्तीचं तेल एक्सलच्या नळीत शिरतं आणि उतारावर उभ्या ट्रॅक्टरमध्ये खालच्या चाकाच्या सीलवर येऊन बसतं. नेहमी एकाच बाजूला कललेल्या जागी ट्रॅक्टर उभा राहत असेल आणि त्याच बाजूचा ब्रेक तेलकट होत असेल, तर हे कारण आधी धरा.

तिसरी, बेअरिंग. चाक उचलून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर शाफ्ट डोलतोय, आणि डोलणाऱ्या शाफ्टवर कोणतंही सील टिकत नाही.

चौथी, शाफ्टवर सीलच्या ओठाने पाडलेली चर. नख अडकत असेल तर नवं सील त्याच चरीत बसून गळणार. जागा असेल तर सील एक-दोन मिमी आत किंवा बाहेर ठोकून ओठ ताज्या जागेवर आणा. जागा नसेल तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवून घ्या. सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला थोडं तेल, आणि ठोकायला सीलच्या बाहेरच्या मापाचा पाइप. स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने ठोकलेलं सील तिरकं बसतं.

शू, स्प्रिंग, ड्रम

शू नेहमी चारही बदला. एका बाजूला नवे आणि एका बाजूला जुने असतील तर सेटिंग कितीही जुळवलं तरी ट्रॅक्टर ओढणारच, कारण दोन लायनरची पकड वेगळी असते. बाजारातून लायनर लावून घेणार असाल तर चारही एकाच दुकानातून, एकाच पट्टीतून घ्या. रिव्हेट मधल्यापासून सुरू करून कडेकडे मारत जायचे, नाहीतर मध्ये फुगवटा राहतो. चिकटवलेला लायनर शिकंज्यात धरून तापवून पक्का केलेला असावा. नुसत्या डिंकावर उन्हात वाळवलेला लायनर ब्रेक तापला की सुटतो आणि ड्रममध्ये आडवा येऊन चाक जाम करतो.

परत ओढणाऱ्या स्प्रिंगही जोडीने बदला. ताणून लांब झालेली स्प्रिंग डोळ्याला कळत नाही. दोन बाजूंच्या स्प्रिंग शेजारी ठेवून लांबी बघा, वेढ्यांत फट दिसली तर ती गेली. कॅमच्या चपट्या बाजूला आणि शू टेकतो त्या पिनेला उष्णता सोसणारी ग्रीस अगदी पुसटशी लावा. जास्त लावली तर ती वितळून लायनरवर येते.

ड्रमच्या आत बोट फिरवा. कडेला उंचवटा, मध्ये चरा, किंवा पेडल दाबल्यावर पायाला ठोके लागत असतील तर ड्रम लेथवर साफ करून घ्या. दोन्ही ड्रम सारख्या मापाला आणा आणि पुस्तिकेतल्या जास्तीत जास्त व्यासापलीकडे जाऊ नका. पातळ झालेला ड्रम तापून फाकतो आणि पेडल खाली जातं.

नवे शू बसवल्यावर ड्रमच्या आत खडू फासा, ड्रम चढवा, हलका ब्रेक लावून एक-दोन फेरे फिरवा आणि उघडून बघा. खडू लायनरच्या मधल्या मोठ्या भागावर उमटायला हवा. फक्त टोकांवर उमटला तर ती टोकं कानशीने किंचित उतरवा.

सेटिंग

जागा सपाट आणि कडक हवी. इंजिन बंद, चावी बाहेर, अवजार जमिनीवर टेकवलेलं. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी पाचर लावा. यात कुचराई नको, कारण पुढच्या कामासाठी गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक पूर्ण सोडलेला लागतो, म्हणजे ट्रॅक्टरला धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं. हँडब्रेक त्याच शूंना ओढतो, तो लावलेला असेल तर सेटिंगचा पत्ता लागत नाही. डिफरन्शियल लॉकही (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) सुटलेला असल्याची खात्री करा.

एका बाजूच्या एक्सलच्या घराखाली जॅक लावा, चाक जमिनीपासून दोन-तीन इंच उचला आणि खाली लोखंडी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर काम करू नका. एका वेळी एकच चाक उचला.

चाक हाताने फिरवा. गिअरच्या तेलाचा थोडा विरोध जाणवेल, हिवाळ्यात सकाळी जास्त. तो विरोध सगळ्या फेऱ्यात सारखा असतो. ब्रेकचं घासणं वेगळं असतं: खरखर आवाज येतो, बहुतेकदा फेऱ्यात एकाच ठिकाणी.

रॉडचा चेक नट (सेटिंग हलू नये म्हणून आवळलेला नट) सोडा. टर्नबकल (रॉडचे दोन तुकडे जोडणारा, आट्यांचा मधला भाग) असेल तर त्याच्या एका टोकाचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी ओळखून घ्या. रॉड आखूड करत चाक फिरवत राहा. चाक जड फिरू लागलं की थांबा. मग रॉड थोडा थोडा लांब करा, जोवर घासण्याचा आवाज पूर्ण जात नाही. बहुतेक ट्रॅक्टरवर एक ते दीड फेरा पुरतो. पेडल दोन-तीनदा जोरात दाबून सोडा, शू आपल्या जागी बसतात, आणि चाक पुन्हा फिरवून खात्री करा. पेडलचा मोकळा खेळ मोजा.

दुसरी बाजू तशीच करा. मग दोन्ही आकडे जुळवा. यात एक नियम पाळा: फरक असेल तर जास्त खेळाचं पेडल आवळून कमी खेळाच्या बरोबर आणा, पण चाक मोकळं फिरतंय तोवरच. ते घासायला लागलं तर त्याऐवजी दुसरं पेडल थोडं सैल करा. दोन्हींतला फरक ५ मिमीच्या आत आणा. २० मिमीहून कमी खेळ ठेवून ब्रेक कडक करायचा मोह टाळा. तापल्यावर लायनर फुगतो, ती जागा त्याला लागते.

रॉड कितीही आखूड केला तरी रॉडच्या टोकाला पिन बसते त्या काट्यात आट्यांची घुसलेली लांबी रॉडच्या जाडीएवढी तरी राहिली पाहिजे. १० मिमीच्या रॉडला १० मिमी. चेक नट आवळा, नव्या स्प्लिट पिना घाला आणि नटावरून रॉडवर रंगाची एक आडवी रेघ ओढा. पुन्हा ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसेल, म्हणजे नट फिरला. रेघ शाबूत असेल तर दोष आत आहे. एका ब्रशच्या फटकाऱ्याने पुढच्या वेळची निम्मी शोधाशोध वाचते.

हँडब्रेकला सगळ्यात शेवटी हात लावा. सोडलेल्या स्थितीत त्याच्या तारेला किंवा रॉडला किंचित ढिलाई हवी. पायाचा ब्रेक कमी पडतो म्हणून हँडब्रेकची तार ताणून ठेवलेले ट्रॅक्टर फार दिसतात. त्यात शू कायम अर्धे लागलेले राहतात आणि वर लिहिलेली तापण्याची सगळी साखळी सुरू होते.

चाचणी

मोकळ्या, कोरड्या, सपाट जागी पेडल लॉक करा. मागे काही जोडलेलं नको. चालण्याहून थोड्या जास्त वेगाने सरळ जा, स्टिअरिंग हलकं धरा, क्लच दाबून ब्रेक लावा. मातीवर दोन्ही चाकांच्या घसटीच्या खुणा मोजा. ज्या बाजूची खूण लांब ती बाजू जास्त पकडते, तीच अर्धा फेरा सैल करा. पुन्हा चाचणी घ्या. मग दहा-पंधरा वेळा थांबून ब्रेक गरम करा आणि तीच चाचणी परत घ्या. थंड असताना सरळ आणि गरम झाल्यावर वाकडा थांबत असेल तर एका बाजूच्या लायनरमध्ये तेल आहे किंवा लायनर वेगळा आहे. रॉडला हात लावू नका, ड्रम उघडा.

थोडं चालवल्यावर दोन्ही ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एक गरम आणि एक थंड असेल तर गरम बाजूचा ब्रेक सुटत नाही. दोन थेंब पाणी टाकून बघितलं तरी कळतं: गरम बाजूवर चर्रर्र होऊन लगेच उडतं.

एकच बाजू नेहमी आधी झिजते तेव्हा

द्राक्षबागेत दोन ओळींत ८ ते १० फूट जागा असते. टोकाला वळायला आतल्या चाकाचा ब्रेक धरावाच लागतो. फवारणी बागेभोवती कायम एकाच दिशेने फिरत होत असेल तर एकाच ब्रेकवर सगळा भार येतो. तो लायनर दुसऱ्याच्या आधी संपणार, यात यंत्राचा दोष नाही. एका फवारणीला उजवीकडून आणि पुढच्याला डावीकडून सुरुवात केली की झीज बरीच सारखी होते. वळताना वेग आधी कमी करा. जोरात असताना एकच ब्रेक दाबला तर अरुंद ट्रॅक्टर उलटू शकतो. बागेतून रस्त्यावर येताना पेडल लॉक करणं ही ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट आहे.

कोकणात भाताच्या चिखलणीनंतर वेगळा त्रास होतो. ड्रममध्ये गाळ शिरतो, लायनरवर बारीक रेती बसते आणि तो खरडून निघतो. कॅमच्या शाफ्टवरचं रबरी बूट फाटलेलं असेल तर चिखलणीआधीच बदला. शेतातून निघाल्यावर हळू चालवत पेडल हलकं दाबून ब्रेक वाळवा आणि मगच रस्ता धरा. हंगाम संपल्यावर ड्रम एकदा उघडून धुवावाच लागतो.

कोरड्या डिस्कचे ब्रेक

३५ ते ४० अश्वशक्तीच्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरमध्ये ड्रमऐवजी कोरड्या डिस्क असतात. लायनर लावलेल्या दोन चकत्यांच्या मध्ये दोन लोखंडी तबकड्या आणि त्यांच्या उतरत्या खाचांत पोलादी गोळ्या. रॉड ओढला की तबकड्या एकमेकींवर किंचित फिरतात, गोळ्या खाचेत वर चढतात आणि तबकड्या फाकून चकत्यांना दाबतात. फिरती चकती तबकडीलाही आपल्याबरोबर ओढते, म्हणून पकड आपोआप वाढते. यामुळेच हा ब्रेक गरजेपेक्षा जास्त आवळला तर हलक्या दाबावरही चाक झटक्याने धरतो, कधी सुटतच नाही.

अशा ब्रेकमध्ये 'धरतो आणि सोडत नाही' ही तक्रार आली तर गोळ्या आणि खाचा बघा. पाणी शिरून खाचांत खड्डे पडलेले असतात आणि गोळी त्यात अडकते. खड्डा बारीक असेल तर एमरीने गुळगुळीत होतो, खोल असेल तर तबकड्यांची जोडी बदलावी लागते. गोळ्या सगळ्या एकदम बदला. खाचेत ग्रीस भरू नका. ती तापून चकत्यांवर उडते.

कामानंतर

नवे शू टाकले असतील तर पहिल्या १० तासांनी पेडलचा खेळ पुन्हा मोजा. लायनर ड्रमच्या गोलाईला बसताना थोडा झिजतो, त्यामुळे एकदा अर्धा-एक फेरा आवळावा लागणं स्वाभाविक आहे. त्यानंतर दर ५० तासांनी, ग्रीस देताना, दोन्ही पेडल हाताने दाबून मोजा आणि आकडे तारखेसह डिझेलच्या वहीत लिहा. दोन्ही आकडे सारखे आणि सावकाश वाढत असतील तर ती झीज आहे, रॉड आवळा. एकच आकडा उडी मारत असेल तर त्या बाजूची पिन, शाफ्ट आणि सील, याच क्रमाने बघा.